ज्ञानकोश म्हणजे शिक्षणसम्राटांचे होर्डिंग नव्हे!

बारावीचा निकाल जवळ आला की तळवड्यापासून निगडीपर्यंतच्या रस्त्यावरची होर्डिंग बदलतात. वाढदिवसाचे भाऊ, दादा, अण्णा खाली उतरतात आणि त्यांच्या जागी कॉलेजे चढतात. 'जागतिक दर्जाचे शिक्षण', '१०० टक्के प्लेसमेंट', 'निसर्गरम्य परिसर'. टाय बांधलेला एक मुलगा आणि लॅपटॉप धरलेली एक मुलगी आकाशाकडे बघून हसत असतात.

होर्डिंगबद्दल आमची फारशी तक्रार नाही. होर्डिंग खोटे बोलते हे रूपीनगरच्या शेंबड्या पोरालाही कळते. आमची तक्रार आहे ती हीच भाषा ज्ञानकोशात शिरते त्याबद्दल. विकिपीडियावर एखाद्या विद्यापीठाचे पान उघडावे आणि पहिल्याच ओळीत 'देशातील अग्रगण्य', 'नामवंत', 'उत्कृष्टतेचा वारसा जपणारे' असले शब्द दिसावेत, तर ते पान कोणी लिहिले असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. संस्थेच्या जनसंपर्क खात्याने माहितीपुस्तिकेतला मजकूर उचलला आणि इथे आणून चिकटवला. होर्डिंगला भाडे द्यावे लागते. ज्ञानकोश फुकट. आणि वर विश्वासार्हतेचा शिक्का!

'बरे मग? अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत आणि तुम्ही विकिपीडियाचे स्वल्पविराम काय मोजता?' असे विचारणारे कार्यकर्ते आहेत. त्यांचा प्रश्न आम्ही टाळत नाही. उलट त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

विद्यापीठाचे पान वाचते कोण, ते आधी बघा. ज्या घरात काका प्राध्यापक, मावशी परीक्षा विभागात आणि आतेभाऊ त्याच कॉलेजातून बाहेर पडलेला आहे, त्या घराला विकिपीडियाची गरज नसते. एक फोन लावला की आतली सगळी बातमी मिळते. कोणता विभाग बंद पडायला आलाय, कुठले प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात, प्लेसमेंटच्या आकड्यात किती हवा भरलीय, सगळे. पिढ्यान्पिढ्या साठवलेली ही माहिती म्हणजे जातीचे भांडवलच आहे, फक्त ते सातबाऱ्यावर दिसत नाही.

आता आमचे घर बघा. बाप चाकणला कंत्राटावर, आई तळवड्याच्या एखाद्या शेडमध्ये पॅकिंगला, आणि बारावी ओलांडणारे घरातले पहिलेच लेकरू. त्याला फोन करायला कोण आहे? त्याच्याकडे मोबाईल आहे. तो संस्थेचे नाव टाकतो. शोधाच्या पानावर बाजूला एक चौकोन उघडतो, आणि त्यातल्या ओळी बहुतेक वेळा विकिपीडियावरून घेतलेल्या असतात. हल्ली तो प्रश्न एखाद्या चॅटबॉटला विचारतो. ती यंत्रेही विकिपीडिया वाचूनच शिकलेली. म्हणजे आमच्या पोरांचा प्राध्यापक काका म्हणजे हाच ज्ञानकोश. तो काका कोणी विकत घेतला, तर नुकसान कोणाचे होते?

हे हवेतले बोलणे नाही. विकत घेतल्यासारखाच प्रकार घडला आहे, आणि तोही इंग्रजी विकिपीडियासारख्या हजारो डोळे असलेल्या ठिकाणी.

आयआयपीएम आठवते का? इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट. पुण्यातही तिची शाखा होती. पान-पानभर जाहिराती, मोफत लॅपटॉप, परदेश दौरा, आणि आयआयएमच्या पलीकडचा विचार करायचे धाडस करा असे आव्हान. २००५ साली मुंबईच्या 'जॅम' नियतकालिकाने या जाहिरातींमधले दावे तपासून लेख छापला. रश्मी बन्सल त्याच्या संपादक. गौरव सबनीस या तरुण ब्लॉगरने त्या लेखाचा दुवा देऊन लिहिले, तर त्याला कोट्यवधी रुपयांची नोटीस आली. तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिच्या दारात लॅपटॉप जाळू, अशीही धमकी पोहोचली. कंपनी अडचणीत येऊ नये म्हणून त्याने नोकरीचा राजीनामा दिला. ब्लॉगवरचे लिखाण मात्र काढले नाही! आमच्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पुढे जुलै २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर सूचना काढली: ही संस्था विद्यापीठ नाही, तिला पदवी देण्याचा अधिकार नाही. मग काय व्हावे? फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार खात्याने इंटरनेटवरची ७३ पाने बंद करायला लावली, आणि त्यात खुद्द आयोगाच्या त्या सूचनेचेही पान होते. सरकारी आयोगाने जनतेला दिलेला इशारा सरकारी खात्याच्याच आदेशाने झाकला गेला! सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या संस्थेला आणि अरिंदम चौधरींना एमबीए, बीबीए, 'मॅनेजमेंट कोर्स', 'बिझनेस स्कूल' हे शब्द वापरायला मनाई केली. पण तोवर किती बॅचेस बाहेर पडल्या होत्या?

या सगळ्या वर्षांत इंग्रजी विकिपीडियावर काय चालले होते? 'विफिओन' हे टोपणनाव घेतलेला एक संपादक तिथे होता. २०१० मध्ये तो प्रचालक झाला, म्हणजे पाने कुलूपबंद करायचे आणि दुसऱ्यांना रोखायचे अधिकार त्याच्या हाती आले. आयआयपीएमच्या पानावर संस्थेच्या सोयीचा मजकूर राहावा आणि टीका फिकी पडावी, असा त्याचा कारभार वर्षानुवर्षे चालला. त्याला पैसे मिळत होते का, तो नेमका कोण होता, हे उघडपणे सिद्ध झाले नाही. पण त्याचे लिखाण एका बाजूला झुकलेले होते हे विकिपीडियाच्या लवाद समितीने मान्य केले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला कायमचे बाहेर काढले. या संस्थेचा पाठपुरावा करणारे 'करिअर्स ३६०' चे महेश्वर पेरी यांनी तेव्हा 'न्यूजवीक'ला सांगितले की, हा प्रकार इतका काळ चालू दिल्यामुळे सुमारे १५,००० विद्यार्थ्यांच्या आयुष्याची वाट लागली असावी. हा पेरींचा अंदाज आहे, मोजणी नाही, आणि आम्ही तो अंदाज म्हणूनच देतो. पण तो निम्मा धरला तरी पुरे.

त्याच्यावर दोषारोप झाला तो एका बाबतीत बघण्यासारखा आहे. त्याने सरसकट खोटे लिहिले असे नव्हे. बरेचसे त्याने नियम दाखवून, स्रोतांचा कीस काढून, अतिशय सभ्य भाषेत केले. पेशवाईचे कारकून आठवतात! आपल्याकडे भावनेच्या भरात पाने रंगवणारे पुष्कळ आहेत, नियम पाठ करून बसणारा एक नाही.

आता कायद्याकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. त्याचे कलम २२ सांगते पदवी कोण देऊ शकतो. कलम २३ सांगते 'विद्यापीठ' हा शब्द आपल्या नावात कोण लावू शकतो. आणि मोडल्यास शिक्षा कलम २४ मध्ये: एक हजार रुपयांपर्यंत दंड. होय, एक हजार! तळवड्यात हेल्मेट न घालता दोनचार वेळा पकडले गेलेल्या पोराला याहून जास्त भुर्दंड बसतो. ज्या देशात विद्यापीठ असल्याची बतावणी करण्याची किंमत एवढी आहे, तिथे कायदा घाबरवणार कोणाला? आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत महाराष्ट्रातले नागपूरच्या 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'चे नाव वर्षानुवर्षे छापून येत राहिले आहे. यादी निघते, यादी छापून येते आणि पुढच्या वर्षी तेच नाव पुन्हा यादीत येते.

आणि बोगस सोडा, खऱ्यांमध्येही किती प्रकार! राज्य विद्यापीठ, केंद्रीय विद्यापीठ, खाजगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, स्वायत्त महाविद्यालय, संलग्न महाविद्यालय. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिमत संस्थांना नावात 'विद्यापीठ' लावायला मनाई केली आणि आयोगाने तसे आदेश काढले. का? कारण हा एक शब्द लोकांची दिशाभूल करतो हे न्यायालयालाही दिसले. आमच्या पोरासाठी तर हा फरक म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न. संस्था कोणत्या प्रकारची आहे आणि प्रवेश कॅप फेरीतून झाला की व्यवस्थापन कोट्यातून, यावर फ्रीशिप मिळणार की नाही ते ठरते. आरक्षण लागू आहे की नाही, फी कोण ठरवतो, तक्रार कोणाकडे करायची, सगळे त्यावर. संस्थेची माहितीपुस्तिका हा फरक ठळक करत नाही, कारण तो ठळक झाला तर गिऱ्हाईक तुटते. तो ठळक करायची जागा म्हणजे ज्ञानकोश. 'ही अमुक कायद्याखाली अमुक साली स्थापन झालेली खाजगी संस्था आहे' ही एक कोरडी ओळ. ती ओळ पुसून तिथे 'नामवंत शैक्षणिक संकुल' लिहिणारा माणूस आमच्या लेकराच्या खिशात हात घालतो आहे.

आणि ही चोरी लगेच कळत नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' असे तीन शब्द असतात. पोरगा परीक्षा देतो, पास होतो, आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर त्याला कळते की आपला कागद पदवीच नाही. कर्ज फेडायचेच असते. वय निघून गेलेले असते. अॅट्रॉसिटीच्या केसेस आणि स्वल्पविराम यांची तुलना करणाऱ्या मित्रांनी त्या टेबलापाशी एकदा जाऊन उभे राहावे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दारे उघडली. साखरसम्राटांमधून शिक्षणसम्राट निपजले. डोनेशनचे राज्य सुरू झाले. त्यातून काही चांगली कॉलेजे उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्यातलेच कित्येक तिथे शिकले. पण त्या संस्थेच्या पानावर 'संस्थापकांचे दूरदृष्टीचे नेतृत्व' असा उल्लेख असेल आणि ते संस्थापक कोणत्या पक्षाचे आमदार-मंत्री होते, जमीन कोणत्या दराने मिळाली, फी नियामकाने कधी ताशेरे ओढले, यातले काही नसेल, तर ते पान अर्धे आहे. जाहिरात जशी वाढवून सांगते तशीच वगळूनही करता येते. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाबद्दल लिहिताना १७ जानेवारी २०१६ ही तारीख आणि रोहित वेमुलाचे नाव वगळता येईल का? मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल लिहिताना मे २०१९ आणि डॉ. पायल तडवी? संस्थेला हे नको असणारच. ज्ञानकोशाला ते हवे असले पाहिजे, तारखेसह, स्रोतासह आणि एकही शिवी न घालता.

इथे जरा आपल्या घरात डोकावू. कडू वाटेल, वाटू द्या.

व्हॉट्सअॅपवर दरवर्षी १४ एप्रिलला फिरणारा तो संदेश तुम्ही पाहिलाच असेल: कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी केली आणि त्यात बाबासाहेब पहिले. वस्तुस्थिती अशी की कोलंबियाने २००४ मध्ये आपल्या स्थापनेच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त आपल्याच नामवंत माजी विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची एक यादी केली, त्यात बाबासाहेबांचे नाव आहे. ती जगभरच्या विद्वानांची स्पर्धा नव्हती आणि तिच्यात पहिला-दुसरा असे नंबर नव्हते. तसेच ते 'बत्तीस पदव्या' प्रकरण. मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, शिवाय कोलंबियाने ५ जून १९५२ रोजी दिलेली एलएल.डी. आणि उस्मानियाने १२ जानेवारी १९५३ रोजी दिलेली डी.लिट. एवढे पुरत नाही का? ज्या माणसाला शाळेत गोणपाटावर बसवले, त्याच्या नावापुढे एवढे लागले आहे, त्याला बत्तीसचा फुगा कशाला? तो फुगा फोडायला समोरचा टाचणी घेऊन बसलेलाच असतो, आणि फुगा फुटला की तो खऱ्या पदव्यांवरही शंका घेतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पानाबाबत तर आपण अधिक काटेकोर असले पाहिजे. २३ ऑगस्ट १९५८ ला विद्यापीठ सुरू झाले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंचा खून झाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या तारखांमध्ये एक विशेषण घाला आणि बघा, ती हलकी होतात. 'रक्तरंजित', 'ऐतिहासिक', 'अभूतपूर्व' हे शब्द सभेत शोभतात, आम्हीही सभेत वापरतो. ज्ञानकोशात ठराव आणि अंमलबजावणी यांच्यामधली सुमारे साडेपंधरा वर्षे वाचकाने स्वतः मोजावीत. आमच्या तळवड्यापासून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. बघा, या वाक्यात 'महामानव' नाही आणि काही कमी पडले का?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. 'विकिपीडिया स्रोत मागतो. स्रोत म्हणजे छापील वर्तमानपत्र आणि पुस्तक. ती छापली कोणी? सवर्णांनी. म्हणजे नियमच त्यांच्या बाजूचा.' यात तथ्य आहे. केतकरांचा ज्ञानकोश असो की वाईहून निघालेला विश्वकोश, कोश रचणारे हात बहुतेक कोणाचे होते हे सांगायला नको. वस्तीतल्या म्हातारीने नामांतराच्या वेळी जे डोळ्यांनी पाहिले ते 'स्रोत' ठरत नाही आणि मुंबईत बसून तार वाचणाऱ्या वार्ताहराने लिहिलेले ठरते, हे आम्हालाही सलते. गंमत बघा, मराठी विकिपीडियावर संपादकांनी चर्चा करायच्या जागेला 'चावडी' म्हणतात. ज्या चावडीसमोर आमच्या पणजोबांना जोहार घालत उन्हात उभे केले, तिचेच नाव! पण या चावडीला पायऱ्या नाहीत आणि खाते उघडताना आडनाव विचारत नाहीत. २००३ पासून ती उघडी आहे. आपण तिथे किती वेळा गेलो?

आणि स्रोत नाहीत हे अर्धेच खरे. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडाखंडाने छापली आहेत. वसंत मून यांनी त्यात आयुष्य घातले. ते स्रोत आहेत. विधिमंडळाची कार्यवाही स्रोत आहे. न्यायालयाचे निकाल, आयोगांचे अहवाल, आपल्या पोरांचे पीएच.डी. प्रबंध आणि त्यांवरून निघालेली पुस्तके. जे छापलेले नाही ते छापून घ्या. १९२० मध्ये बाबासाहेबांनी नेमके हेच केले होते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. शंभर वर्षांपूर्वी आम्हाला जाहिरातीतही जागा नव्हती आणि आज पैसेवाल्याची जाहिरात ज्ञान म्हणून छापली जाते!

तर काम काय? आपल्या भागातल्या पोरांना ज्या संस्थांमध्ये प्रवेश घ्यायचा असतो त्यांची मराठी आणि इंग्रजी पाने उघडायची. 'इतिहास पहा' वर टिचकी मारायची. कोणत्या खात्याने काय घातले, काय पुसले, हे सगळे तिथे तारखेनिशी जपलेले असते. संस्थेला होर्डिंग उतरवता येते, हा इतिहास उतरवता येत नाही. स्थापनेचा कायदा, प्रकार, संलग्नता, आयोगाच्या यादीतले स्थान एवढे तरी अधिकृत स्रोतावरून पक्के करायचे. बिनपुराव्याच्या स्तुतीवर 'संदर्भ हवा' लावायचे, चर्चा पानावर कारण लिहायचे, आणि कोणी उत्तर दिले नाही तर ती ओळ काढायची. नॅकची श्रेणी लिहिलेली असेल तर वर्ष बघा, कारण श्रेणीला मुदत असते आणि पाने मुदत विसरतात. श्रेणी म्हणजे ब्रह्मवाक्यही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली आहे. क्रमवारीच्या आकड्यांचेही तसेच, ते बव्हंशी संस्थेनेच भरून दिलेले असतात. म्हणून 'अमुक संस्थेने अमुक वर्षी अमुक श्रेणी दिली' असे लिहायचे, 'सर्वोत्कृष्ट' असे नाही.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. ज्या संस्थेत आपण शिकतो, शिकवतो किंवा जिच्याशी आपले भांडण चालू आहे, तिच्या पानाला थेट हात लावायचा नाही. चर्चा पानावर जाऊन आपला संबंध सांगायचा आणि दुरुस्ती सुचवायची. हे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांनाही लागू आहे. २०१४ पासून पैसे घेऊन लिहिणाऱ्याने मालकाचे नाव जाहीर करणे विकिपीडियाला बंधनकारक आहे; ते समोरच्याला विचारायचे तर आपले हात आधी स्वच्छ हवेत. दुसरे, दहा जणांनी मिळून एका पानावर तुटून पडायचे नाही. तसे केले की प्रचालक पान बंद करतो, आणि बंद होताना पानावर जे असेल तेच राहते. बहुतेक वेळा ते संस्थेच्या सोयीचेच असते.

हे एकट्याने होत नाही. प्रवेशफेऱ्या सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, रविवारच्या वंदनेनंतर विहारात दोन तास बसले तरी एका वेळी चार-पाच पाने तपासून होतात. जयंतीच्या डीजेचे पैसे गोळा करणाऱ्या मंडळांनी त्यातून एक वायफाय लावून द्यावा. मोबाईलवर वाचता येते, पण दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघायला लॅपटॉप बरा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार्जर विसरू नये.

जयभीम!